मिशीआडचं बोलणं

खोलीची मांडणी बाईंनी सकाळी स्वतः केली. मन मोकळं करायला येणाऱ्या माणसाची खुर्ची खिडकीकडे तोंड करून, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. खडखडणारा पंखा बंद. टेबलावरची फुलदाणी बाहेर, उगाच मध्ये नको. समुपदेशन शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण इतकी धावपळ त्यांनी लेकीच्या लग्नातही केली नसेल. आज रेडिओची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

रेडिओ हे नाव त्या मुलीने स्वतःच घेतलेलं. "बोलतो सगळं, ऐकत काही नाही," असं सांगून तिने पहिल्याच दिवशी वर्गाला हसवलं होतं. दोन्ही कानांत यंत्रं, तरी अर्धं बोलणं ती समोरच्याच्या ओठांवरून टिपायची. प्रवेशाच्या वेळी, आज परीक्षक म्हणून आलेले सर म्हणाले होते, "जिला धड ऐकू येत नाही, तिने ऐकण्याचं काम करायचं?" बाई हट्टाला पेटल्या आणि तिला घेतलंच. बोलताना सगळ्यांनी तोंड दाखवायचं, एकाचं संपल्यावरच दुसऱ्याने सुरू करायचं, असा वर्गाला नियम घातला. पोरं आधी वैतागली, मग एकमेकांचं खरंच ऐकायला लागली. एवढं करूनही रेडिओ मागच्या वेळी या परीक्षेत आपटली होती. आज पुन्हा नापास झाली, की समुपदेशक होण्याचा नाद कायमचा सोडायचा.

म्हणूनच काल बाईंनी तिला बजावलं, "कानाबद्दल अवाक्षर काढू नकोस. समुपदेशकाने स्वतःचं रडगाणं गायचं नसतं. सरांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या?" 'जसे आहात तसे आत या' हे जन्मभर शिकवणाऱ्या बाई हे बोलल्या, आणि बोलताना त्यांना काही वाटलंसुद्धा नाही.

बाई आणि सर काचेमागच्या खोलीत बसले. त्या काचेतून पलीकडचं दिसायचं, पण पलीकडून इकडचं दिसत नसे. आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून यायचा. येणाऱ्याला याची आधीच कल्पना दिलेली होती. पलीकडे रेडिओ वाट बघत बसली होती. तिथलं दार उघडलं, एक आजोबा आत आले, आणि बाईंच्या सगळ्या तयारीचं मुसळ केरात गेलं. आजोबांच्या मिश्या अशा घनदाट, की वरचा ओठ गायब आणि खालचा अर्धा. त्यात ते परमुलखातून मुलाकडे राहायला आलेले, बोलण्याची धाटणीच वेगळी. आता उजेड पाडून पाडणार तरी कशावर?

"आजोबा, घरी कसं चाललंय?" रेडिओने विचारलं.

"तसं बरं चाललंय," आजोबा पुटपुटले. "मुलगा चांगला, सून चांगली. तक्रारीला जागा नाही."

रेडिओने मान हलवली. ती मान बाईंच्या ओळखीची होती. काहीच कळलं नाही की ती तशी हलायची, आणि मागच्या वेळी तिनेच घात केला होता. सरांनी पेन्सिल उचलली.

मग मान थांबली.

"आजोबा, मी उगाच मान हलवली," रेडिओ म्हणाली. "मला कमी ऐकू येतं. ओठ बघून समजतं, आणि तुमचे ओठ मिशीआड आहेत. पुन्हा सांगाल का?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. कोलीत दिलं पोरीने.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा आजोबांनी दोन्ही हातांच्या बोटांनी मिशी वर धरली होती, पडदा बाजूला सारावा तशी. आणि ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बरं नाही चाललंय."

"कळलं," रेडिओ म्हणाली. "सांगा."

"नातवाला माझी भाषा येत नाही. घरच्यांचं भराभर बोलणं मला कळत नाही. पुन्हा विचारलं की म्हणतात, काही नाही, जाऊ द्या. मग मीही मान हलवतो. तुझ्यासारखीच."

वेळ संपेपर्यंत आजोबा बोलत होते. हात दुखला की मिशी सोडायचे, रेडिओ थांबायची, ते पुन्हा धरायचे.

"स्वतःबद्दल बोलली," सर म्हणाले.

"बोलली."

"नियमात बसत नाही."

"नाही बसत. नियम मीच शिकवते."

सरांनी चष्मा पुसला, परत घातला. "पहिल्यांदा तो माणूस 'बरं' म्हणाला होता. मी असतो तर तेवढंच ऐकून पुढे गेलो असतो," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला पास केलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

रेडिओ त्यांना शोधत आली तेव्हा त्या मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून चहाचे कप विसळत होत्या.

"बाई, आजोबा पुढच्या आठवड्यात यायचं म्हणतायत. मिशी कातरून येतो म्हणाले. आणि तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी कानाचं सांगितलं. रागावलात?"

"छान केलंस हो," बाई नळाकडे बघतच म्हणाल्या.

"बाई, इकडे बघून सांगा ना."

बाईंनी नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले आणि तिच्याकडे वळल्या. खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशा बेताने उभ्या राहिल्या.

"मी तुला लपवायला सांगितलं," त्या सावकाश म्हणाल्या. "चुकलं माझं."

रेडिओने मान हलवली. या वेळी तिला सगळं कळलं होतं.