मकेरेताने खाल्लेली जागा

आमच्या बेटावरची माणसं आणि मकेरेताच्या बेटावरची माणसं एकमेकांची तौवू लागतात. दोन्हीकडच्या मूळ पुरुषांचं काहीतरी जुनं नातं आहे म्हणे. ते कसं, हे आता कुणालाच धड सांगता येत नाही, हक्क मात्र सगळ्यांना पाठ आहेत. तौवूने घरात शिरावं, तोंडाला येईल ते बोलावं, हवं ते उचलावं, आणि घरधन्याने हसावं. रागावला तो हलका ठरतो. मी सात वर्षांची असताना तिच्या काकांनी आमचं सगळ्यांत मोठं डुक्कर आमच्याच अंगणात कापलं, भाजलं, आणि वर माझ्या वडिलांना ऐकवलं, "जरा वाळलंच होतं की रे. उपाशी ठेवतोस काय?" वडील पोट धरून हसले. ते डुक्कर त्यांनी ताईच्या लग्नासाठी राखलं होतं.

तर मी रायजेली, वय एकोणचाळीस, बेटावरच्या शाळेत बाई. माझ्या शाळेत तीन मुली बहिऱ्या. त्यांना मागच्या बाकावर बसवून रंगीत खडू द्यायचे, एवढंच मला जमत होतं, आणि त्याची मला लाज वाटायची. अशा मुलांना कसं शिकवायचं त्याचा अभ्यासक्रम ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठात होता. शिष्यवृत्तीसाठी बाहेरच्या बेटांना एक जागा होती, आणि खात्याने माझं नाव पुढे केलं होतं. मेअखेर इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल जोडला की झालं. वयाची अट चाळिशीच्या आत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

इंग्रजीची परीक्षा! इंग्रज इथे शंभरेक वर्षं ठाण मांडून बसले होते. मी सतरा वर्षं गणित, भूगोल, सगळं इंग्रजीत शिकवतेय. कोर्ट इंग्रजीत, दवाखाना इंग्रजीत, मेल्यावरचा दाखलासुद्धा इंग्रजीत. तरी म्हणे, येतं का ते दाखवा. बरं, दाखवू.

परीक्षा राजधानीत, म्हणजे सुवात, जागा मोजक्या, आणि नाव नोंदवायचं इंटरनेटवर. आमच्याकडे फोनला रेंज येते ती शाळेमागच्या टेकडीवर, तीही वाऱ्याची मर्जी असली तर. म्हणून नोंदणीचं काम मी मकेरेतावर सोपवलं. ती सुवात शिक्षणखात्याच्या ऑफिसात कारकून. तिलाही बाहेर शिकायला जायचं होतं. दोन वर्षं तिचे सरावाचे निबंध मीच तपासत होते, सुट्टीत तिच्याच खोलीवर उतरत होते. पासपोर्टचा फोटो पाठवला, फी पाठवली आणि टेकडीवरून विचारलं, "झालं का गं?"

"झालं, झालं. तू फक्त ये. आणि येताना दालोचे कंद आण, थेरडे. नुसतं इंग्रजी घेऊन येऊ नकोस."

"तुझ्या तोंडात कंद नाही, दगड कोंबते, माकडतोंडे."

आमचं बोलणं हे असं. ओळखीच्या अकरा वर्षांत आम्ही एकमेकींना कधी नावाने हाक मारली नव्हती. तौ म्हणायचं, नाहीतर शिवी द्यायची.

बोट आठवड्यातून एकदा. नऊ तास उलट्या करत शुक्रवारी सुवाला उतरले. मकेरेता खोलीवर नव्हती, मावशीकडे गेलेय म्हणून किल्ली शेजारी ठेवली होती. शनिवारी सकाळी सातला मी परीक्षेच्या हॉलवर हजर झाले. टेबलामागच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं.

"या नावाचं कुणी नाही."

"पुन्हा बघा बाई. हा घ्या पासपोर्ट."

"तीनदा बघितलं. शेवटची जागा होती, ती महिन्यापूर्वीच भरली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. मकेरेता उभी होती, केस चापून बसवलेले, हातात पासपोर्ट.

"तौ! मी खाल्ली तुझी जागा! डुकरापेक्षा चवदार लागली!"

रांगेत आमच्याकडची चारपाच माणसं होती. सगळी खदखदून हसली. आणि मी हसले. देवाशपथ सांगते, मी हसले. लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे ते. तौवूने काही उचललं की आधी तोंड हसतं आणि मग डोकं विचार करायला लागतं. तिने माझा गालगुच्चा घेतला आणि ती आत गेली. मला वाटलं, आता मागे फिरेल, म्हणेल चल, गंमत केली. दार लागलं. मी पायरीवर दुपारी एकपर्यंत बसून राहिले.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "एकच जागा उरली होती गं. तुझंच नाव घालायला बसले, आणि हाताने माझं घातलं. रागावलीस?"

तौवूला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

"छे," मी म्हणाले.

पुढची परीक्षा जूनमध्ये होती. तिचा मला काय उपयोग?

घरी गेले तर आई डोळे पुसत हसली. "बापाचं डुक्कर गेलं, लेकीची परीक्षा गेली! आता घरात उरलंय काय?" मोमो, म्हणजे माझा मामा, यंगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, पिण्याच्या प्रत्येक बैठकीत हा किस्सा रंगवून सांगायचा आणि मला उभं करून दाखवायचा. मी दर वेळी हसायचे आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडायचे. माझा जीव जळत होता आणि माझीच माणसं टाळ्या पिटत होती. मला तिच्यापेक्षा त्यांचा राग जास्त येत होता.

जुलैत खात्याचं पत्र आलं. माझे कागद अपुरे, सबब निवड रद्द. यादीतल्या पुढच्या, निकाल जोडलेल्या उमेदवाराला जागा देण्यात येत आहे. पुढचा उमेदवार म्हणजे मकेरेता; तिनेही अर्ज केला होता, हे मला तेव्हाच कळलं. यादी तिच्याच टेबलावर असायची. पत्राखाली टाईप करणारीची आद्याक्षरं होती, तीही तिचीच.

नोव्हेंबरात मी चाळीस पूर्ण केली. जानेवारीत ती निरोप घ्यायला आमच्या गावात आली, रीतीप्रमाणे. भर दुपारी चटया पसरल्या, लाकडी परातीत यंगोना कालवली, मोमोने पहिली करवंटी तिलाच दिली. ती एका दमात प्याली.

"सांग तौ, ब्रिस्बेनहून तुला काय आणू?"

"काही आणू नकोस. इथेच देऊन जा." मी तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. "तुझी जागा मी उचलली. लिही, मी जात नाही, आणि खाली सही कर."

काय हशा पिकला! मोमोने मांडीवर थाप मारली. "शाबास! केली परतफेड!"

मकेरेताही हसली. "अगं थेरडे, ती तुला थोडीच मिळणार? चाळिशी उलटली तुझी."

"माहीत आहे. आमचं डुक्कर तरी तुम्ही सगळं कुठे खाल्लंत? अर्धं कुत्र्यांना घातलंत. मीही कुत्र्यांना घालीन. लिही."

ती पेनाकडे बघत राहिली. हसणं हळूहळू विरलं.

"रायजेली," ती म्हणाली. "यात थट्टा नको गं. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

नऊ महिने मी स्वतःलाच बोल लावत होते. रीत आहे, तिने हक्क बजावला, माझंच मन कोतं, असं रोज मनाला समजावत होते. त्या एका वाक्याने मला कळलं, की त्या सकाळी रांगेत उभं राहून ओरडताना, यात थट्टा नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. मी हसणार हेही ठाऊक होतं. त्या हसण्याच्याच भरवशावर तिने मला लुटलं होतं.

"आणि माझ्या?" मी विचारलं.

आईने तोंडावर पदरासारखा हात धरला. मोमोने भरलेली करवंटी परातीत परत ओतली. "सही कर, पोरी," तो म्हणाला. "नाहीतर या घरात पुन्हा काही उचलायला येऊ नकोस."

मकेरेताने हसणारा एखादा चेहरा शोधत सगळ्यांवरून नजर फिरवली. मग तिने कागद बाजूला सारला, आपली पिशवी उचलली आणि धक्क्याकडे निघाली.