बर्फाचा ट्रे

रोगी बरा झाला की घरच्यांना आनंद होतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ही आई पाहिलेली नाही.

तिच्या मुलीच्या फाईलवर बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, म्हणजे जवळचं माणूस सोडून जाईल या भीतीने भावना अनावर होण्याचा विकार, असं लिहिलेलं होतं. समुपदेशक बाईंनी मुलीला एक साधी युक्ती शिकवली होती. मन भडकलं, की स्वतःला इजा करण्याआधी मुठीत बर्फ धरायचा आणि तो वितळेपर्यंत थांबायचं. मुलीने अकरा आठवडे ते इमानेइतबारे पाळलं. दारं आपटणं थांबलं, नवा व्रण उठला नाही.

आईला मात्र घर खायला उठलं. पूर्वी तिची ताई रोज फोन करून म्हणायची, "कसं गं निभावतेस तू!" आता ताईचा फोन यायचा तो भाचीला शाबासकी द्यायला. आईला कुणी कुत्रं विचारेना.

एका दुपारी आईने बर्फाचा ट्रे बेसिनमध्ये उपडा केला, धुतला, पुसला आणि माळ्यावर टाकला. मग मुलीला सहज बोलावं तसं म्हणाली, "तुझ्या बाई नोकरी सोडून चालल्यात म्हणे. वैतागल्या असतील गं तुला."

बाई कुठेही चालल्या नव्हत्या.

मुलगी पांढरीफटक पडली आणि स्वयंपाकघरात धावली. फ्रीज उघडल्याचा, खण उचकल्याचा आवाज आला. आईने ताईला फोन लावला आणि गळा काढला, "ताई, माझंच नशीब फुटकं! पुन्हा सुरू झालं गं!"

आत मुलगी अजून बर्फच शोधत होती.