गळती सापडली नाही

"हा गेलेला हाय," म्हणत गुणवंतीने बांगडा टोपलीतून बाजूला टाकला. कल्ले उघडूनसुद्धा पाहिले नाहीत.

गंधकाची कांडी पेटवून पाइपाच्या सांध्याजवळ धरायची. अमोनिया गळत असेल तर तिथे दाट पांढरा धूर होतो. गळत नसेल तर काहीच होत नाही.

एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या.

दाबाच्या गेजवर लाल रेघा दोन होत्या. एक गेजबरोबर आलेली, दुसरी नेलपेंटची.

मांदेलीने जांभई दिली.

या पाच गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, हे रावजीला अकरा जूनपर्यंत ठाऊक नव्हतं.

*

रावजी मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होता. एकतीस वर्षं. दर तासाला काटे बघायचे, आकडे रजिस्टरात लिहायचे आणि नाक उघडं ठेवायचं, एवढंच काम. बर्फ अमोनियावर बनतो. अमोनिया गळला की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना, मग सगळ्या मिरकरवाड्याला.

मांदेली त्याची कुत्री. अकरा वर्षांपूर्वी माशांच्या क्रेटमागे सापडली तेव्हा मुठीएवढी होती, पिवळसर सोनेरी. म्हणून त्याच्या बायकोने, गुणवंतीने, तिला त्या छोट्या माशाचं नाव दिलं. ती रोज रावजीबरोबर कारखान्यात जायची आणि कॉम्प्रेसरच्या चौथऱ्याला पाठ लावून झोपायची. मशीन थरथरायचं, तिची कातडी थरथरायची. मशीन बंद पडलं की उठून बसायची. लाद्या फोडणारा बाबल्या म्हणायचा, "रावजीभाव, हिलाच ऑपरेटर कर, तू घरी झोप."

मार्चपासून रावजीला वास येत होता. थोडासाच, पण टोचणारा. त्याने गंधकाची कांडी सगळ्या सांध्यांवरून फिरवली. धूर नाही. दोन व्हॉल्व्हचं पॅकिंग बदललं. वास राहिला. रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं: वास येतो. गळती सापडली नाही. एप्रिलमध्ये पुन्हा तेच लिहिलं. मेमध्ये चार वेळा.

"नाक म्हातारं झालंय तुझं," बाबल्या म्हणाला. "आमाला कोणाला येत नाय."

एक जूनला मशीन बंद केलं. सगळा अमोनिया टाकीत ओढून घेतला, झडपा आवळल्या. अकरा जूनला सकाळी रावजी पडवीत चहा पीत होता. मांदेली त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. तिने जांभई दिली.

त्याने कप खाली ठेवला. दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं आणि नाक जवळ नेलं. एकतीस वर्षांत हा वास ओळखायला तो कधी चुकला नव्हता.

*

"किडन्या जवळजवळ संपल्यात, काका." डॉक्टर मनस्विनीने रक्ताच्या तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. "आधी तहान वाढते, बाहेर जायला हवं ते सगळं रक्तात साठतं, मग तोंडाला वास येतो. कधीपासून येतोय?"

"मार्चपासून."

"मार्चपासून? मग तेव्हाच का नाही आणलंत?"

रावजी भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत राहिला. "पॅकिंग बदललं मी," तो म्हणाला.

डॉक्टरला ते कळलं नाही. गुणवंतीला कळलं. तिने पदराने तोंड पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना.

"सलाइनने थोडे दिवस तिला बरं वाटेल," डॉक्टर म्हणाली. "मग नाही वाटणार. मग इंजेक्शन असतं. आधी झोपेचं, मग ते. मी घरी येईन त्यासाठी."

"कवा?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"मी कसा सांगणार?"

"तुम्हाला कळेल, काका. तुम्ही रोज बघताय तिला."

"मार्चपासून रोजच बघतोय."

डॉक्टरने कागदाची घडी घातली. मग रावजीच म्हणाला, "आमच्या गेजवर लाल रेघ असते. काटा तिथं गेला की मशीन बंद. विचार करायचा नाय. तशी एक रेघ सांगा."

तिने मांदेलीच्या पाठीवर हात ठेवला. "खाणं पूर्ण सोडलं की," ती म्हणाली. "ज्या दिवशी सोडेल, त्या दिवशी फोन करा. दुसऱ्या दिवशी नको."

*

बंदीच्या दोन महिन्यांत रजिस्टर कोरं असतं. रावजीने ते घरी आणलं.

१९ जून. सकाळी ८. भात नाही. मासा खाल्ला.
२७ जून. सकाळी ८. काटे काढून दिल्यावर दोन घास.
६ जुलै. सकाळी ८. मासा नाही. कालवणाचं पाणी.
१५ जुलै. सकाळी ८. पाणी बोटाला लावून. चाटलं.
१६ जुलै. चाटलं.
१७ जुलै. चाटलं.

"हे खाणं नाय," गुणवंती म्हणाली. रजिस्टर तिने वाचलं नव्हतं, त्याचं बोट पाहिलं होतं. "तुमचं मन राखते ती."

"पूर्ण सोडलं की, असं म्हणाली डॉक्टर."

"अवो, माझा जन्म मासळीच्या पाटीवर गेला. डोळा बघितला की मला कळतं. हिच्या हिरड्या बघा, कागद झाल्यात. मी सांगू कवा ते?"

"तू माशाला सांगतेस तसं सांगशील."

"मग कसं सांगायचं?"

रावजीने मांदेलीच्या अंगावरचं पोतं सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

*

नेलपेंटची गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी ऐन हंगामात होड्या बर्फासाठी जेटीवर खोळंबल्या होत्या आणि काटा लाल रेघेवर आला. रावजीने मशीन बंद केलं. मालक आले.

"एवढ्याने काय फुटतंय? थोडी वर घे की रेघ."

जत्रेत घेतलेली एक बाटली गुणवंतीच्या फळीवर नुसती पडून होती. रावजीने गेजच्या काचेवर दोन घरं वर नवी रेघ ओढली. काही झालं नाही. पुढची सहा वर्षंही काही झालं नाही. त्या गोष्टीतला वाईट भाग तोच.

*

अठरा जुलैला मांदेलीने बोट चाटलं नाही. वास घेतला आणि मान वळवली.

रावजीने फोन हातात घेतला आणि बाबल्याला लावला.

"मशीन कवा चालू करायचं म्हणालेत मालक?"

"अठ्ठावीसला. का रे?"

"असंच."

त्याने ठरवलं. अठ्ठावीसला तिला उचलून कारखान्यात न्यायचं, चौथऱ्याला पाठ लावून ठेवायचं. मशीन थरथरू लागलं, तिची कातडी थरथरू लागली, की डॉक्टरला तिथेच बोलवायचं. तोवर रोज सलाइन, डॉक्टरने कातडीखाली द्यायला शिकवलं होतं तसं. रजिस्टरात त्याने त्या तारखेखाली लाल पेनाने रेघ मारली.

"दहा दिवस?" गुणवंती म्हणाली.

"दहाच."

"मग तिला समजावून सांगा, दहा दिवस म्हणजे काय ते. मला नाय जमणार."

तिने त्याच्या हातून सलाइनची बाटली घेतली आणि खिळ्याला अडकवली. त्या दहा दिवसांत रोज तीच अडकवत होती. सुई टोचताना मांदेली पहिले काही दिवस ओठ मागे घ्यायची. मग तेही थांबलं.

सत्तावीसला बाबल्याचा फोन आला. "पुढं ढकललंय. नारळ पडल्याशिवाय आपली माणसं जाळी नाय चढवणार. नारळ आठला हाय. चारला चालू करू म्हणाले."

कायद्याने समुद्र एक ऑगस्टला खुला होतो. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय इथले बरेच जण होडी काढत नाहीत. यात कोणाचीच चूक नव्हती. रावजीने २८ खोडून ४ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

*

२ ऑगस्ट. सकाळी ९. पाय ताठ. डोळे उघडे.
९.२०. पुन्हा.
९.३५. पुन्हा. फोन केला.

डॉक्टर मनस्विनी संगमेश्वरच्या पुढे एका गोठ्यात होती. म्हैस अडली होती. "निघतेच," ती म्हणाली. "पण दीड तास तरी लागेल, काका. झटका येतो तेव्हा तिच्या तोंडाजवळ हात नेऊ नका."

९.५०. पुन्हा.
१०.०५.
१०.१०.

यापुढे रजिस्टरात काही नाही.

त्या दीड तासात मांदेलीने कोणालाच ओळखलं नाही. तिने स्वतःची जीभ चावली. ती ओरडली नाही, आवाज होत होता तो नखांचा, फरशीवर घासणाऱ्या. गुणवंती तिच्या डोक्याखाली पोत्याची घडी धरून बसली होती. नवऱ्याला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं, आणि हे तिला माहीत होतं.

डॉक्टर अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. चपला न काढता आत गेली. तिचं काम चार मिनिटांत झालं.

"बरोबर केलंत, काका," ती हात धुताना म्हणाली. ती सगळ्यांना असंच म्हणत असणार.

"पंधरा दिवस," रावजी म्हणाला.

"काय?"

"काय नाय."

परसातल्या माडाखाली खणायला बाबल्या पहार घेऊन आला. "खाली कातळ हाय," एवढंच म्हणाला आणि दुपारपर्यंत खणत राहिला.

*

चार तारखेला मशीन सुरू झालं. चौथऱ्याला लागून जमिनीचा एक तुकडा गुळगुळीत आणि बाकीपेक्षा काळपट होता. झाडणाऱ्या बाईने तिथे पाणी मारलं. तो गेला नाही.

नारळ पडला. नऊ तारखेला सकाळपासून बर्फासाठी जेटीपर्यंत रांग लागली. दोन महिने थांबलेली माणसं, सगळ्यांना आजच निघायचं होतं. दुपारी एक वाजता काटा लाल रेघेवर आला. खालच्या.

रावजीने मशीन बंद केलं.

बाबल्या धावत आला. "काय झालं?"

"रेघेवर आला."

"खुळा झालास काय? वरची रेघ बघ ना. दोन घरं हायत अजून."

रावजीने फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि गेजची काच पुसायला घेतली. सहा वर्षांचं नेलपेंट होतं, लवकर सुटेना. बाहेर टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. कोणीतरी मालकांना फोन लावत होतं. "रावजीभाव," बाबल्या म्हणाला. तो दारात, बाहेरच्या लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

काच स्वच्छ झाली. मशीनची थरथर हळूहळू चौथऱ्यातून उतरली आणि थांबली. रावजीने त्या काळपट तुकड्याकडे पाहिलं, कारण मशीन बंद पडल्यावर तिकडे बघायची त्याला सवय होती.

वास कसलाच नव्हता.

मार्चमध्ये मांदेली खूप पाणी प्यायला लागली, तेव्हा रावजीने तिच्यासाठी दुसरं भांडं आणून ठेवलं होतं.