ड्रायव्हरदादा उभे आहेत

दवाखान्याकडे जाणारी बस बंद झाली आणि ती बस जन्मभर चालवलेला माणूस राज्याच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. सगळे त्याला ड्रायव्हरदादा म्हणत. पैसा नाही, पक्ष नाही, हाताशी माणसं नाहीत. होता तो एक भोंगा, तोही उसना.

त्या सकाळी दाराशी डुगडुगत्या स्टुलावर चढून तो स्वतःच्याच फोटोचा फलक बांधत होता. बायको उंबऱ्यात बसून कुणाच्याशा सदऱ्याला काजं करत होती. तेवढ्यात मतदारांचा कल विचारत फिरणारी एक मुलगी आली. नवी चप्पल पायाला चावत असावी. तिची नजर सारखी खालीच होती.

"मावशी, इथं हवा कोणाची आहे?"

"हवा कसली गं? श्वास घ्यायला फुरसत नाही."

मुलगी हसली. "बरं, ते ड्रायव्हर उभे आहेत ना, त्यांचं काय होईल?"

बायकोनं वर पाहिलं. नवरा एका पायावर, तोंडात सुतळी.

"पडतील!" ती म्हणाली. "पडतील नाही तर काय! या वयात हे असले धंदे!"

मुलीनं मोबाईलवर बोट टेकवलं आणि शेजारचं दार वाजवलं.

दादा स्टुलावरून पडला नाही, पण मनातून धाडकन आपटला. चहाही न घेता भोंगा उचलून चालता झाला.

दिवसभर गल्लोगल्ली लोक म्हणत होते, "दादा, मत तुम्हालाच!" त्यातलं खरं किती, हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी टपरीवर टीव्हीत अंदाज आले. मोठ्या पक्षांचे रंगीत खांब उभे राहिले. टोकाला एक करडा ठिपका होता.

"दादा, तुम्ही त्या 'इतर'मध्ये," चहावाल्यानं हळूच दाखवलं.

त्याचं त्याला काही वाटलं नाही. सलत होतं ते घरचं. जगानं पाडावं, पण हिनंही?

जेवताना तो मुका.

"सुतळी अजून तोंडातच आहे का?" बायकोनं विचारलं.

"लोकांनी पाडलं असतं तर गोष्ट वेगळी. घरच्यांनीच पाडल्यावर कुणाला सांगायचं?"

"मी? मी कधी पाडलं तुम्हाला?"

"त्या पोरीला काय सांगितलंस? पडतील म्हणून!"

ती बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. "अहो, स्टुलावरून हो! धरायला उठतच होते मी."

तोही हसला. पण हसू ओसरल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं. "आणि निवडणुकीत गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तिथंही पडाल."

त्यानं हात मागे घेतला.

"पण माझं मत तुम्हालाच. दवाखान्याची बस बंद झाली, सगळे चुकचुकले, पण भोंगा घेऊन बाहेर पडलं कोण?"

"मग आता बसू का मी?"

"बसायचं तर आधीच बसायचं होतं. उद्या मागच्या गल्लीत मी येते बरोबर. बायका तुमच्या भोंग्याला दारं लावून घेतात."

दुसऱ्या दिवशी भोंगा बंद होता. ती दारोदार बोलत होती आणि तो मागे अवघडून उभा होता. एका म्हातारीनं त्याला खालीवर न्याहाळलं.

"बाई गं, हा निवडून येणार का?"

"बहुतेक नाही, आजी. पण बससाठी भांडणारा हा एकच आहे."

म्हातारी खुदकन हसली. "मग देते मत. आठवडाभर जो तो येतो नि निवडून येतो म्हणून सांगतो. खरं बोलणारं तुमचंच घर भेटलं."

दादाला हसावं की रडावं कळेना. बायकोनं कोपरानं ढोसल्यावर त्यानं हात जोडले.