खिशातला कान

मी बोलतोय. आजवर फक्त ऐकत आलो, म्हणून आज तेवढं बोलून घेतो. कानामागे बसवायचं ऐकण्याचं यंत्र आहे मी. शेंगदाण्याएवढा जीव, कातडीच्या रंगाचा, वरून एक बारीक नळी. जगातला आवाज उचलायचा आणि कानात नेऊन पोचवायचा, एवढंच माझं काम. पण माझ्या नशिबी कान कमी आणि खिसाच जास्त आला!

एका लांबलचक टेबलावर, डोळ्याला भिंग लावलेल्या बाईच्या हातून माझा जन्म झाला. तिनं मला तळहातावर धरून वर दुसरा हात झाकला. मी बारीक शिट्टी वाजवली. "हं, आहे जिवंत," असं म्हणून तिनं मला डबीत घातलं. झाकलं गेलो की शिट्टी वाजते, ही आम्हा यंत्रांची खोडच आहे. दुसरं काही बोलायची सोय आम्हाला नाही.

दुकानातून मला एका नर्सनं नेलं, वडिलांसाठी. तिचे वडील म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. त्यांना गावात अध्यक्ष म्हणत आणि घरातही. बायको चिडली की तीसुद्धा म्हणायची, "अहो अध्यक्ष, ताट वाढून अर्धा तास झाला!"

तरुणपणी ते गुरांना लस टोचत वस्तीवस्तीवर पायी फिरायचे. माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती गुरांवरून. मतं मागायला गेले तरी आधी विचारायचे, "मोडक्या शिंगाची बरी आहे ना?" लोक खूश व्हायचे. पाच वेळा निवडून आले ते असे.

पण ते या फंदात पडले ते थोरल्या बहिणीमुळे. तिला डोंगरावरच्या वस्तीत दिली होती. बाळंतपणात ती अडली. तिला दाराच्या फळीवर घालून खाली आणत होते आणि फळीचं एक टोक यांच्या खांद्यावर होतं. ही गोष्ट त्यांनी भाषणात कधीच सांगितली नाही. बायकोला सांगितली, तेव्हा मी कानात होतो. म्हणाले, "ताईचं ओरडणं थांबलं ना, तेव्हा मला वाटलं, चला, बरं वाटलं वाटतं तिला."

निवडून आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते त्या वस्तीत चार खाटांचं प्रसूतिगृह बांधण्याचं. पुढे त्यांची लेक तिथेच नर्स झाली. तिच्या हातून किती पोरं जन्मली ते तिलाही सांगता येणार नाही.

"बाबा, मीटिंगमध्ये तरी घालत जा हं," तिनं मला कानावर चढवताना बजावलं होतं.

"घालतो की गं, बाई!"

कसलं काय! घरात मी कानात असायचो. कार्यालयाची पायरी आली की यांचा हात कानामागे गेलाच. लोक म्हणतील म्हातारा झाला, ही भीती! मला बंद करायला बारीकसं दार उघडावं लागतं, ते त्यांच्या जाड बोटांना जमायचं नाही. मग मी तसाच चालू, शर्टाच्या खिशात, रुमालाशेजारी. सभेत मी सगळं ऐकायचो आणि ज्यांनी ऐकायचं ते नुसते हसऱ्या चेहऱ्यानं बसायचे.

आमच्या सभेची रीत अशी: सचिवांनी ठराव तीनदा वाचायचा, अध्यक्षांनी तीनदा मान हलवायची, शेवटी "हरकत नाही" म्हणायचं आणि झाला ठराव मंजूर. विषयांचा कागद समोर असायचा, त्यामुळे यांचं निभावून जायचं. दोन वर्षं निभावलं.

त्या दिवशी कागदावरचे विषय संपले, चहा आला आणि सचिव म्हणाले, "आता ऐनवेळचे विषय." ऐनवेळचे विषय कागदावर नसतात हो! वरून आलेलं पत्र पाहून सचिवांनी ठराव वाचला: डोंगरवस्तीचं प्रसूतिगृह बंद करून शहरातल्या रुग्णालयात सामील करणे.

सगळ्या सभासदांनी एकदम अध्यक्षांकडे बघितलं. आता हे उसळणार, मग आपण उसळू, असं प्रत्येकाच्या मनात होतं. यांनी चहाचा घोट घेतला आणि मान हलवली.

सचिवांनाही खरं वाटेना. दुसऱ्यांदा त्यांनी हळूहळू, एकेक शब्द सोडवून वाचलं. यांनी पुन्हा मान हलवली.

मला काही सुचेना. ओरडावं तर तोंड नाही. तेवढ्यात कपाळ पुसून त्यांनी रुमाल खिशात कोंबला, मी झाकला गेलो आणि जीव खाऊन शिट्टी वाजवली. शेजारचे सभासद वाकून म्हणाले, "अध्यक्ष, तुमच्या खिशात काहीतरी वाजतंय."

"हरकत नाही, हरकत नाही," हे हसून म्हणाले. सचिवांनी तिसऱ्यांदा वाचलं, यांनी तिसऱ्यांदा मान हलवली आणि न वाचताच खाली सही केली.

पंधरा दिवसांनी प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. लेक हातात कागद घेऊन घरी आली. चप्पलसुद्धा काढली नव्हती तिनं.

"बाबा, तुम्ही मान हलवलीत?"

यांनी कागद वाचला. परत वाचला.

"यंत्र कानात होतं ना तेव्हा?"

देवा, आता तरी खरं बोला, मी मनात म्हणत होतो. हे कागदाची घडी घालत म्हणाले, "होतं."

ती उभ्या पावली निघून गेली. शहरातल्या रुग्णालयात रुजू झाली आणि घरी फोनसुद्धा करेना. बापाला बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा निर्दयी म्हणवून घेणं सोपं गेलं, याचा मला अजून राग येतो. आणि दयाही येते.

पुढच्या सभेला मात्र ते मला कानात घालून पायऱ्या चढले. सगळ्यांदेखत उभे राहिले. "मागच्या वेळी मला काही ऐकू आलं नव्हतं. तो ठराव मागे घ्या. हात जोडतो."

सचिव भला माणूस. तोही उठून उभा राहिला. "साहेब, हे सभेच्या नोंदीत घालायला लावू नका. आज म्हणालात ऐकू आलं नव्हतं, तर लोक विचारतील, मागची दोन वर्षं येत होतं का? खालच्या गावांचं पाणी, शाळेचं छप्पर, घाटाचा रस्ता, सगळं तुमच्या मानेवरच मंजूर झालंय. कोणीही कोर्टात जाईल. सगळंच रद्द करायचं का?"

हा प्रत्येक शब्द मीच त्यांच्या कानात पोचवला. ते खाली बसले आणि त्यांनी चौथ्यांदा मान हलवली.

आता ते अध्यक्ष नाहीत. सकाळी उठल्याबरोबर मला कानात घालतात आणि डोंगराच्या रस्त्यालगतच्या आमच्या ओट्यावर बसतात. बोलायला फारसं कोणी येत नाही. माझी नळी पिवळी पडलीय, आवाजात खरखर आलीय. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला खिशात राहू देऊ नका, एवढं माझं ऐका.

सभेतली गोष्ट लेकीच्या कानावर गेली असावी. गेल्या रविवारी ती आली. मऊ ब्रशनं तिनं मला साफ केलं आणि परत बापाच्या कानात बसवलं. तेवढ्यात डोंगराच्या रस्त्यानं एक टेम्पो घाईघाईनं खाली आला. आत एक बाई ओरडत होती. शहर तिथून अजून दीड तास लांब.

लेकीनं झटकन मला काढून घेतलं. "सेल बदलते हं, बाबा."

सेल आदल्याच दिवशी बदललेला होता. तिच्या बंद मुठीत मी शिट्टी वाजवत राहिलो.

"राहू दे," ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. मला ऐकायचंय, अजून ओरडतेय ना ती."

तिनं मला परत कानात घातलं. टेम्पो वळणापाशी पोचला होता. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली, पण तिथून पुढचं मलाही ऐकू आलं नाही.