चाळीस रोपांची पंगत

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. वय मात्र विचारू नका. अर्ध्या तासात माझे दोन होतात, दोघांचे चार. आता यातला थोरला कोण, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पोटभर खायला मिळालं असतं तर परवापर्यंत अख्खं फरीदाबाद माझ्याखाली गाडलं गेलं असतं. नाही मिळालं, म्हणून तुम्ही वाचलात.

माझा जन्म अरवलीच्या पायथ्याशी, एका लिंबाच्या मुळाशी झाला. तिथून मला अपूर्वाने उचललं. ती एका संशोधन संस्थेत कंत्राटी नोकरीला. लिंबाच्या पानांवर तपकिरी खपल्या आणणाऱ्या खैऱ्या रोगाचे जंतू तिने काचेच्या बशीत माझ्याशेजारी सोडले. मी त्यांना विष घालून मारलं. सकाळी माझ्याभोवती स्वच्छ कडं उरलं होतं. अपूर्वा नाचली. खोटं कशाला बोलू, मारताना मलाही मजा आली.

मग खरी परीक्षा आली. संस्थेचं जाळीघर माकडांनी फाडलेलं, म्हणून लिंबाची चाळीस रोपं तिच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर गेली. चाळीसही रोपांना खैऱ्याची लागण केली. डाव्या रांगेतल्या विसांवर माझी फवारणी, उजव्या विसांवर नुसतं पाणी. उजवी सडली आणि डावी तगली, तरच माझा गुण सिद्ध होणार आणि अपूर्वाचं कंत्राट वाढणार. प्रयोगाची रीतच आहे ती. काही जणांना मुद्दाम मरू द्यायचं.

पण नेमक्या तेव्हाच साताऱ्याहून तिच्या आई, कौशल्याबाई, राहायला आल्या होत्या.

“अगं, त्या उजवीकडच्यांनी काय पाप केलंय?”

“आई, त्यांना मरायचंच आहे. तू हात लावू नकोस हं. बिल्कुल नाही!”

उभा जन्म पंगती वाढण्यात गेलेली बाई. अर्ध्यांच्या पानात तूप आणि अर्ध्यांना कोरडा भात, हा पंक्तिप्रपंच त्यांना कसा सोसावा? लेक ऑफिसला गेली की त्या माझ्या फवारणीची बाटली काढत आणि उजव्या रांगेलाही मला वाढत. बाटली उणी झाली की भाताची पेज गाळून, गार करून आत ओतत. काय ती पेज, मित्रांनो! संध्याकाळपर्यंत मी पुन्हा घरभर नातवंडांचा धनी.

दीड महिन्याने अपूर्वाचे साहेब, यशोधन सर, गच्चीवर आले. चाळीसच्या चाळीस रोपं हिरवीगार.

“पाण्यावरची पण ठणठणीत? मग तुझ्या जिवाणूने केलं काय? रोग लागलाच नाही यार.”

“सर, अजून एकदा करून बघते...”

“कंत्राट एकतीसला संपतंय. चलो, बाटली नष्ट करून टाक.”

कौशल्याबाई चहाचा ट्रे धरून दारातच होत्या. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. तोंड उघडलं. “साखर कमी नाही ना झाली?” एवढंच विचारलं.

सर गेल्यावर अपूर्वा कुंड्यांच्या मधोमध बसून रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “जाऊ दे बाळा. रोपं तर जगली.”

आता मी प्रयोगशाळेतल्या कुकरसारख्या भांड्यात आहे. झाकण अपूर्वाच आवळते आहे. खाली पाणी उकळू लागलंय. मित्रांनो, कुणाचीही काळजी घ्या, अगदी चोरून घ्या, पण घेतली ते वेळेवर सांगा. अपूर्वाशी बोलायला मला तोंड नव्हतं. कौशल्याबाईंना होतं.