कपाटातला पाय

“इतकी वर्षं माझे कपडे होते यात. आता माझाच पाय भाजणार म्हण,” ताई म्हणाली. धाकटा भाऊ लोखंडी कपाटाच्या पोटात डोकं घालून, उष्णता कोंडून ठेवायला लावलेल्या काचलोकरीवर पत्रा बसवत होता. त्यानं नुसतं हूं केलं.

तो फायबरच्या होड्या बांधायच्या कारखान्यात कामाला होता. ताईच्या डाव्या पायाला लहानपणापासून लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. तो ओढून ओढून तिची कंबर धरली होती. असंच चाललं तर लवकरच चाकांच्या खुर्चीत बसावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताई बालवर्गाला शिकवायची, आणि मुलांमधून फिरल्याशिवाय तिला शिकवता येत नसे. म्हणून भावानं कार्बनच्या कापडाचा हलका आधार घरीच करायचं मनावर घेतलं.

ताईच्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर रेझिन, म्हणजे तापवलं की घट्ट होणारा चिकट द्रव, लावलेलं कापड चढवायचं आणि ते भट्टीत पक्कं करायचं, एवढंच काम. कपाटाचे कप्पे काढून त्यानं तळाशी हीटरच्या कॉइल बसवल्या, गरम हवा सगळीकडे खेळावी म्हणून लहानसा पंखा लावला. अशा भट्टीत उष्णता सावकाश चढवावी लागते. घाई केली, तर प्लास्टरच्या साच्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि कापडाला फोड येतात. पहिला आधार तसाच फुगून वाया गेला.

“नकटीच्या लग्नाला,” ताई म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही.

दुसरा मात्र गुळगुळीत, काळाभोर निघाला. ताई तो घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती जुन्या पट्ट्यांचाच आवाज करत. घोट्याला बसत नाही, टाचेला रुततो, असं सांगून तिनं तो टेबलावर ठेवला.

भावानं आधार साच्याशी ताडून पाहिला. कुठं केसभर फरक नव्हता.

“ताई, साचा घेताना पाय कसा धरला होतास?”

“सरळ.”

“सरळ होतो तो?”

“दोन्ही हातांनी दाबला की होतो. थोडा वेळ.”

साचा घेतला त्या दिवशी तिनं जाड मोजा घातला होता, आणि त्यानं प्लास्टरची पट्टी जवळजवळ भिंतीकडे बघतच गुंडाळली होती. ताई पट्ट्या सोडायला लागली, की घरातली माणसं खोलीबाहेर जात. तसं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मोठ्या बहिणीचा पाय निरखून बघावा, हे त्याला सुचलंच नव्हतं.

त्यानं बादलीत प्लास्टरच्या नव्या पट्ट्या भिजवल्या आणि तिच्यासमोर पाटावर बसला.

“मोजा काढ. आणि पाय त्याला हवा तसा राहू दे.”

“म्हणजे पाय दाखवून अवलक्षण,” ती म्हणाली. पण तिनं मोजा काढला.

पाऊल आत वळलेलं होतं, बोटं एकमेकांवर चढलेली. त्यानं टाचेखाली हात धरला, होडीचा तळ बघतो तसं सगळ्या बाजूंनी नीट बघितलं, तेल लावलं, मग पट्टी गुंडाळायला घेतली. या वेळी भिंतीकडे ताई बघत होती.

पट्टी कडक झाल्यावर त्यानं ती कापून काढली, आणि तिच्या पोकळीत प्लास्टर ओतून नवा साचा झाला. तो चांगला वाळल्यावर भावानं घासायला उचलला. ताईनं हात पुढे केला.

“दे इकडे. कुठं किती घासायचं ते तुला नाही कळायचं.”

साचा मांडीवर घेऊन ती बोटांच्या बेचक्यांतून पॉलिशपेपर फिरवू लागली. मधूनच फुंकर मारून भुकटी उडवत होती. खोलीचं दार उघडंच होतं.